मांडववाल्याचं जहाज

आण्णा मुंबईला गेले होते कापड आणायला आणि घेऊन आले जहाज. हे वाक्य मी आजवर इतक्यांना ऐकवलं आहे, की अलीकडे माझं मलाच ते रचून सांगितल्यासारखं वाटतं. पण झालं ते असंच. आण्णांचा मांडवाचा धंदा होता. माजलगावच्या आसपास लग्न असो, जयंती असो, की कुणाची सभा असो, बांबू, दोर, कनाती आणि छताचं कापड आमच्याकडून जायचं. इकडे चौसाळा आणि तिकडे तलवाडा, मधल्या पट्ट्यात आण्णांनी मांडव घातला नाही असं गाव सापडणं अवघड. मुंबईत बंदराजवळ भंगाराचा बाजार असतो आणि तिथे जहाजावरचं जाड कापड मिळतं, असं त्यांच्या कानावर आलं आणि ते बशीरचाचांचा ट्रक घेऊन निघाले. बशीरचाचा म्हणजे आमच्या मांडवाचं सामान वाहणारे, आण्णांचे लंगोटीयार. तिथे एका आवाराच्या कोपऱ्यात एक जुनं, लाकडी, शिडाचं छोटं जहाज टेकू देऊन उभं केलं होतं आणि त्याच्यात शिडांची थप्पी पडली होती. आण्णांनी कापड चिमटीत धरून पाहिलं आणि त्यांची अक्कल तिथेच गहाण पडली. भंगारवाला म्हणाला, कापड सुटं मिळणार नाही, न्यायचं तर सगळंच न्या, मला जागा रिकामी करायची आहे. दुसरा कुणी असता तर हसून पुढे गेला असता. आण्णा शिडी लावून वर चढले, आत डोकावले आणि तिथूनच ओरडले, "बशीर, ह्याच्यात सैपाकघर हाय बे!"

बशीरचाचा पुढे म्हातारे होईपर्यंत हा किस्सा चहाच्या टपरीवर रंगवून सांगायचे. "म्या म्हनलं, आरे, सैपाकघर तर तुझ्या घरी बी आसंल. त्याच्यासाठी माझा ट्रक कावून मोडतोस?" पण गंमत अशी, की त्या वेळी आमच्याकडे धड सैपाकघर नव्हतंच. गावातल्या दोन खोल्या मालकाने मुलाच्या लग्नासाठी परत मागितल्या होत्या. त्या लग्नाचा मांडव आमचाच, तेव्हा भांडायचीही सोय नव्हती. आम्ही धरणाच्या काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मांडवाच्या सामानाशेजारी मुक्काम हलवला होता. आम्ही म्हणजे आण्णा, माय आणि मी. थोरली ताई सिरसाळ्याला दिलेली होती. माझी दहावी झाली होती, पुढचं काही ठरत नव्हतं आणि मी मांडवाच्या कामात रमून गेले होते. पोरीच्या जातीनं शिडीवर चढून गाठी मारू नयेत, असं सगळे म्हणायचे आणि मी चढायचे. उन्हाळ्यात ते पत्रे असे तापायचे, की माय म्हणायची, तवा कशाला ठेवू, भाकरी वरच थापते.

मायबद्दल इथेच सांगायला हवं, कारण ही गोष्ट म्हणायला जहाजाची असली तरी खरी तिचीच आहे. मांडवाचं सगळं शिवणकाम ती करायची. तिच्या अंबाड्यात कायम एक दाभण खोचलेलं असे. दाभण म्हणजे पोती शिवायची जाड सुई. दोराची गाठ ओढ बसून आवळली, की ती नखांनी सुटत नाही. तिच्यात दाभण खुपसून ती सैल करायची ही मांडववाल्यांची रीत. माय ते लग्नकार्यातही काढायची नाही आणि अनोळखी बायका तो दागिना समजून निरखून बघायच्या. मायचं माहेर आमच्या शेडच्या बरोबर समोर, पाण्यापलीकडे, उगवतीला होतं. धरण व्हायच्या आधी ती नदी उतरून सकाळी जायची आणि दिवस मावळायला परत यायची. मग पाणी आलं, जुनं गाव उठून माळावर जाऊन बसलं आणि मधली वाट बुडाली. आता जायचं तर एसटीने सगळ्या पाण्याला वळसा, मध्ये गाडी बदलायची आणि परतीची शेवटची गाडी ऊन कलायच्या आत निघायची. माय माहेरी जायची ती गाडीवर डोळा ठेवूनच. भावजयीने ताट वाढलं, की हिचं लक्ष रस्त्याकडे. अर्धं ताट टाकून फाट्याकडे पळणारी माय आणि तिच्यामागे तिची पिशवी घेऊन धावणारा भानुदासमामा, हे दृश्य मी कितीदा पाहिलं असेल! एका राखीला तर निरांजन लावलं आणि हॉर्न वाजला. संध्याकाळी समोरच्या माळावर दिवे लागायचे. भांडी घासता घासता माय त्यातल्या एका दिव्याकडे बोट करून म्हणायची, "त्यो आपला." कोणता, ते तिलाच ठाऊक.

तर अशा बाईपुढे आण्णांनी ट्रक आणून उभा केला. मागून जहाजाचं ढुंगण चांगलं पुरुषभर बाहेर आलेलं, वर डोलकाठी आडवी बांधलेली आणि तिच्या टोकाला बशीरचाचांनी लिंबू-मिरची लटकवलेली. निम्मं माजलगाव मागे चालत आलं होतं. मायने ट्रकभोवती एक फेरी मारली.

"कापड कुठंय?" तिने विचारलं.

"ह्याच्यात हाय की," आण्णा म्हणाले.

"अन् हे कशात हाय?"

आण्णा दोर सोडायला ट्रकवर चढले. मग ती कितीतरी दिवस आण्णांशी माझ्यामार्फत बोलत होती. सुशे, तुझ्या बापाला सांग चहा झालाय. सुशे, तुझ्या मायला सांग साखर कमी हाय. समोरासमोर बसून.

जहाज पाण्यात कसं घालायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या पोटाखाली, ते उलटू नये म्हणून लावलेला, लोखंडाचा एक जड, उभा पंखा होता, त्यामुळे ते काठाकाठाने ढकलता येईना. उन्हाळ्यामुळे पाणी लांब मागे सरलेलं. तेव्हा आण्णांनी डोकं चालवलं. म्हणाले, जहाजाला पाण्याकडे नेता येत नाही ना, मग पाण्यालाच जहाजाकडे येऊ द्या. शेडसमोरच्या उघड्या पडलेल्या गाळात चर खणला, ट्रक मागे घेतला, उसाच्या पाचटाच्या गाद्या टाकल्या आणि दोन ट्रॅक्टर लावून जहाज हळूहळू चरात उतरवलं. चहूबाजूंनी बांबूंचे टेकू दिले. टेकू देण्यात आण्णांचा हात कोण धरणार! लाकडाच्या भेगांत आम्ही कापसाच्या वाती ठासल्या आणि वर डांबर ओतलं. कापसाला आमच्याकडे तोटा नव्हता. येणारेजाणारे विचारायचे, "काय मांडववाले, कोरड्यात कुठवर निघालात?" आण्णा आतून हात हलवून म्हणायचे, "पाणी आलं की सांगतो!"

आणि त्या कोरड्यातल्या जहाजात आम्ही राहायला गेलो. आधी आण्णा आणि मीच, शेडमध्ये उकडतं म्हणून. मग एक दिवस माय कापड मोजायला म्हणून आत उतरली आणि तिला तो स्टोव्ह दिसला. पितळेचा, रॉकेलचा, दोन्ही बाजूंनी खिळ्यांवर असा टांगलेला, की जहाज कसंही कललं तरी स्टोव्ह आपला सरळ. मायने त्याला एक टिचकी मारली. तो डोलला. तिने पदराने त्याची कड पुसली आणि आतलं पितळ चमकल्यावर तिच्या तोंडून पहिल्यांदा थेट आण्णांना उद्देशून शब्द निघाला, "चिंच आना. घासून बघते." त्या दिवसापासून सैपाक जहाजात. काय दिवस होते! झोपायला अरुंद फळ्या, कूस बदलायची तर आधी शेजारच्याला सांगायचं. गोल खिडक्या. पुढच्या बाजूला एक हातपंपाचा संडास होता, त्यात मायने कांदे आणि शेंगा भरल्या आणि दाराला कुलूप लावलं. डोलकाठी उभी केल्यावर रात्रंदिवस दोर तिच्यावर टकटक करायचे. आत रॉकेल, डांबर आणि भाजलेल्या मिरचीचा एकत्र वास भरून राहायचा. त्या गुहेत बसून भाकरी, ठेचा आणि भोयांनी दिलेल्या माशाचं कालवण खाताना मला वाटायचं, की सगळ्या बीड जिल्ह्यात आपल्याइतकं श्रीमंत कुणी नाही. हल्ली माझा नातू मोबाइलवर दाखवतो, परदेशातली माणसं अशीच जुनी छोटी जहाजं घेऊन त्यात संसार करतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. चकचकीत दिसतात बिचारी. मी त्याला म्हणते, विचार त्यांना, कांदे कुठे ठेवता.

पाणी आलं ते भादव्यात. वरून नदी फुगली आणि रोज हातहातभर सरकत पाणी आमच्या चरापर्यंत, मग टेकूंपर्यंत, मग फळ्यांपर्यंत चढलं. पहिले काही दिवस आत इतकं पाणी झिरपलं, की आम्ही आळीपाळीने बादल्या उपसत होतो. भोई म्हणाले, भिऊ नका, लाकूड फुगलं की भेगा मिटतील, आणि मिटल्याच. मग एका दुपारी माय डाळीला फोडणी देत होती. मी समोरच लसूण सोलत बसले होते. स्टोव्ह हलला. कुणी धक्का दिला नव्हता. तो इकडे गेला, तिकडे गेला, आणि मायच्या लक्षात आलं, की हलतोय तो स्टोव्ह नाही, आपण हलतोय. "अगं सुशे!" ती किंचाळली, "उचललं गं आपल्याला!" आम्ही वर धावलो. टेकूचे बांबू एकेक करून सुटून तरंगायला लागले होते आणि आण्णा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दोन्ही हात वर करून नाचत होते. मी आयुष्यात पुढे विमानात बसले, पण उचललं जाणं म्हणजे काय ते मला त्या दुपारीच कळलं. डाळ मात्र करपली.

त्याच दिवशी जेवताना मायने अट घातली. भानुदासमामाच्या मंदीचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ्यात, माहेरच्याच दारात. मांडव आमच्याकडून आहेर म्हणून जायचा होता. आणि आमच्याकडे आदल्या दिवशी मांडवाचे डहाळे आणायचा मान जावयाचा असतो. आंब्याचे, जांभळाचे, उंबराचे हिरवे डहाळे गाडीत भरायचे, पुढे वाजंत्री लावायची आणि जावयाने मिरवत ते दारात आणायचे. त्याशिवाय मांडव मांडव होत नाही. माय म्हणाली, "डहाळे अन् मला, दोघान्ला ह्याच्यातून न्यायचं. ढकलून न्हाई, वल्हवून न्हाई, वाऱ्यावर. जमलं तर जलमभर ह्याच्यात ऱ्हाईन. न्हाई जमलं तर बशीरभाऊला बोलवा, हे भंगारात घाला अन् मला गावात खोली बघा. तरंगत बसाया म्या बदक न्हाई." आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. जहाज भंगारात जावं असं आम्हा दोघांनाही स्वप्नातसुद्धा वाटत नव्हतं आणि ते चालवायचं कसं हे आम्हा दोघांनाही येत नव्हतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. मांडववाला देवाला जितका भीत नाही तितका वाऱ्याला भितो. त्याचा सगळा जन्म वाऱ्याशी भांडण्यात जातो. छताच्या कापडात वारं भरलं की खांब उपटून मांडव पाहुण्यांच्या अंगावर. म्हणून कापडाला जागोजागी चिरा ठेवायच्या, म्हणजे वारं आरपार निघून जातं, आणि चारी कोपरे निरगाठ मारून आवळायचे. आण्णांनी तीस-एक वर्षं हेच केलं होतं. थंडीत, पौषात लग्नं नसतात तेव्हा, त्यांनी शेडमध्ये बसून मोठ्या अभिमानाने शीड तयार केलं, कारण जहाजातली जुनी शिडं एव्हाना मांडवांच्या छतात गेली होती. नव्या कापडाला छान अर्धगोल चिरा पाडल्या, कडा दुमडून घेतल्या आणि जहाजावर चढवून चारी बाजूंनी असं ताणून बांधलं, की त्याच्यावर टिचकी मारली तर डफासारखं वाजावं. आम्ही ऐटीत नांगर उचलला. वारं चांगलं वाहत होतं. पाण्यावर लाटा होत्या, काठावरची बाभळ हलत होती. जहाज जागचं हललं नाही. वारं समोरून यायचं, चिरांतून शिट्ट्या मारत जायचं आणि मागच्या मागे निघून जायचं. शेजारून जाळं टाकायला चाललेला एक भोई म्हणाला, "आण्णा, नवरदेव रुसलाय जनू. उठंना!" काठावर जमलेले हसून हसून खाली बसले. आण्णांचं तोंड एवढंसं झालं.

माय काठावरून सगळं बघत होती. तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता. अट तिच्या बाजूने चालली होती. पण कापडाचं काम बिघडलेलं तिला बघवत नसे, मग ते शत्रूचं का असेना. संध्याकाळी तिने ते शीड ओढून मांडीवर घेतलं आणि आण्णांना म्हणाली, "अहो, तुमचा जलम गेला वाऱ्याला घराभायेर हाकलण्यात. आता त्याला घरात ठेवून घ्यायचं हाय, अन् तुमी त्याच्यासाठी एवढाल्या खिडक्या ठेवल्या!" आण्णांनी एका चिरेत हात घालून पलीकडे काढला. मग कपाळावर हात मारून घेतला आणि इतके मोठ्याने हसले, की बाहेर बांधलेलं कुत्रं भुंकायला लागलं. मायने एकेक चीर शिवून टाकली. आणि शिवताना मध्ये थोडी ढील ठेवली, कापडाला जरा पोट ठेवलं. का, विचारलं तर म्हणाली, ताणून शिवलेलं आधी फाटतं. एवढंच.

होळी झाल्यावर वाऱ्याने दिशा बदलली. थंडीत ते उगवतीकडून यायचं, आता दुपारनंतर मावळतीकडून सुटायला लागलं, म्हणजे सरळ मायच्या माहेराकडे. पाणी मागे सरेल तसं जहाजही खोलात सरकवत, आण्णा आणि मी रोज दुपारी काठाजवळच शिकायचो. शिकायचो म्हणजे चुकायचो. शीड घट्ट धरलं की जहाज कलतं, सैल सोडलं की सरळ होतं, सुकाणू उजवीकडे ढकललं की तोंड डावीकडे जातं, हे एकेक कळलं की आम्ही एकमेकांना टाळ्या द्यायचो. एकदा बाभळीत घुसलो, शीड टरकावलं, मायने बोलत बोलत ठिगळ लावलं. पण चालायला लागलं होतं ते! इंजिनाचा आवाज नाही, बैलाचे हुंकार नाहीत, नुसतं पाणी फळ्यांवरून सळसळत जायचं आणि आपण पुढे. मला भूक लागेनाशी झाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी बांबू, खांब आणि भांडी घेऊन बशीरचाचा ट्रकने रस्त्याने गेले. जाताना म्हणाले, "कापड बी देऊन टाक की बे, इरादा बदल. ऐन टायमाला कुठं फसलास तर वऱ्हाड उन्हात बसंल." आण्णा म्हणाले, "कापड माझ्याबरोबर येईल. मांडवाचं छत अन् जावई एकदम पोचतील." छताचं सगळं कापड आम्ही आत ठासलं. डहाळे वर रचले, थोडे डोलकाठीला बांधले. सकाळपासून तयार होतो. आणि वारं नाही. एक पान हलत नव्हतं. पाणी ताटात ओतल्यासारखं पडून होतं. माय नवी हिरवी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, एसटीची वाट बघावी तशी फळीवर बसली होती. समोर माहेर दिसत होतं, उघड्या खांबांचा सांगाडासुद्धा उभा राहिलेला दिसत होता. डहाळ्यांवर मी पाणी शिंपडत होते, ते कोमेजू नयेत म्हणून. आण्णा मातीची चिमूट वर उडवून बघायचे आणि ती सरळ त्यांच्याच पायावर पडायची. दुपार झाली. मायने पिशवीचा बंद सोडला आणि परत बांधला, सोडला आणि परत बांधला. तिचा तो चाळा बघून मी डहाळ्यांवर परत पाणी मारायला उठले.

मग बाभळीचा शेंडा हलला. मी ओरडले. शीड आधी सुरकुतलं, मग थरथरलं आणि मग मायने ठेवलेलं ते पोट भरून आलं. काठ मागे सरकायला लागला. शेड लहान झाली. आण्णा सुकाणूवर ताठ बसले, डोक्याला फेटा, अगदी जावई दिसत होते. माय अजून पिशवी घट्ट धरून होती, पण तिची मान हळूहळू वर आली. पाण्याच्या मध्यावर आल्यावर मी मागे पाहिलं आणि माझं हसू गेलं. मावळतीला धुळीची भिंत उठली होती. आमच्याकडची अवकाळी वावटळ अशीच येते, न सांगता. "आण्णा!" मी म्हणेपर्यंत ती आमच्यावर होती. जहाज एका अंगावर असं आडवं झालं, की कडेवरून पाणी आत यायला लागलं. डहाळे घसरले. आतून भांड्यांचा खळखळाट. आण्णांच्या तोंडून जन्मभराची सवय बाहेर पडली, "कापड सोडा! बांबू धरा!" मांडवात वारं घुसलं की हीच आरोळी असते: आधी कापड सोडायचं, माणसं वाचतात. मी शिडाच्या दोराकडे झेपावले. सुरगाठ असली तर एका हिसक्यात सुटली असती. पण तिथे निरगाठ होती, ओढीने दगड झालेली.

"ही कुनी मारली?" मी किंचाळले.

"मीच!" आण्णा रडकुंडीला आले होते. "सवयीनं मारली गं!"

माझी नखं तुटली, गाठ हलली नाही. तेवढ्यात मागून एक हात आला. मायने अंबाड्यातलं दाभण उपसलं होतं, तिचे केस सुटून वाऱ्यावर उडत होते, पिशवी कुठे गेली कुणास ठाऊक. गुडघ्याने तिने मला बाजूला सारलं, दाभण गाठीत खुपसलं, पिळलं, परत खुपसलं. गाठ ढिली झाली आणि दोर सूं करून निसटला. शीड फडफडलं, तोफा उडाव्यात असा आवाज झाला आणि जहाज उठून सरळ उभं राहिलं. आम्ही तिघं चिंब, हिरव्या पाल्यात माखलेले, एकमेकांकडे बघत होतो. आण्णा म्हणाले, "शीड उतरवू. वावटळ जाऊस्तोवर थांबू." मायने सुटलेल्या दोराचं टोक धरलं होतं. तिने तो खुंटीला एक वेढा दिला, हाताला पदर गुंडाळला आणि दोर ओढायला लागली.

"उतरवायचं न्हाई," ती म्हणाली. "माझं गाव समोर हाय."

आणि मग आम्ही जे निघालो! वारं जोरात आलं की माय दोर थोडा सोडायची, ओसरलं की ओढायची, पीठ मळताना पाणी किती घालायचं ते हाताला कळतं तसं तिला कळत होतं. कुणी शिकवलं नव्हतं. जहाजाच्या पुढ्यात पाणी फुटत होतं, डोलकाठीवर आंब्याचे डहाळे सळसळत होते आणि माय ओरडत होती, "आलं! आलं! त्यो बघ पिंपळ! ती बघ शाळा!" ती रडत होती की हसत होती ते पाण्याच्या तुषारांत कळत नव्हतं. मी मात्र रडत होते, ते मी लपवत नाही. काठावरच्या लोकांनी आम्हाला पाहिलं आणि वाजंत्री सुरू झाली. सनई पाण्यावरून ऐकली आहे का कधी? ती आधी अंगाला लागते, मग कानाला.

काठापासून बरंच लांब जहाजाचा लोखंडी पंखा गाळात रुतला आणि आम्ही गचकन थांबलो. मग सगळं गाव पाण्यात उतरलं. बैलगाडी आली, बैल पोटाइतक्या पाण्यात फुरफुरत उभे राहिले, पोरांनी डहाळे आणि कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतले. बशीरचाचा धोतर खोचून पाण्यात येत आण्णांना शिव्या देत होते आणि डोळे पुसत होते. भानुदासमामा छातीइतक्या पाण्यातून सगळ्यांच्या पुढे आला. माय अजून खुंटीशी बसलेली, दोर हातात तसाच. मामाने वर हात करून तिच्या मुठीवर हात ठेवला.

"आक्का," तो म्हणाला, "सोड की आता. आलीस तू."

तिने मूठ उघडली तेव्हा पदराखालच्या तळव्यावर लालभडक वळ उठला होता. तो तिने पुढे कित्येक दिवस बायकांना दाखवला.

मांडव उभा राहिला तो मी वर चढून बांधला, सगळ्या गाठी सुरगाठी. अजूनही आमच्या कामाच्या पोरांना मी तेच शिकवते आणि ते मला हसतात. लग्न लागलं. येसर मसाल्याच्या आमटीचा वास माळभर पसरला होता. माय पंगतीत बसली आणि पूर्ण ताट जेवली, वर दोनदा आमटी मागून घेतली, भावजय बघतच राहिली. मंदी सासरी गेली, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं तसा भानुदासमामा सवयीने तिची वाळवलेली पिशवी भरून घेऊन आला. "आक्का, शेवटच्या गाडीचा टाइम झाला." माय मांडवाच्या खांबाला टेकून, पाय पसरून, शेजारणीशी बोलत बसली होती. तिने पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि मागे ठेवून दिली. "गाडी कशाची आता?" ती म्हणाली. "आमाला उगवतीचं वारं लागतं. ते सुटल्याबगर जाता येत न्हाई."

त्या स्टोव्हला आता माझ्या घरात खिळे नाहीत, तो फडताळात नुसता ठेवला आहे. पण कधी घासायला खाली काढला, की मला ते दिवस आठवतात. वावटळ गेल्यावरही वारं मावळतीचंच राहिलं होतं आणि आम्ही अडकून पडलो होतो. माय विहिरीवर धुणं धुवायला जायची, जुन्या मैत्रिणींकडे दुपारभर बसायची, भावाच्या डोक्याला तेल लावायची. आण्णांना पुढच्या मांडवाची घाई होती. ते रोज उठून अंगणात जायचे आणि मातीची चिमूट वर उडवायचे. मग एका सकाळी ती माती उडाली आणि त्यांच्या पायावर पडायच्या ऐवजी सरळ पाण्याकडे, आमच्या काठाकडे गेली. मी दारात उभी होते, मी पाहिलं. आण्णा आत डोकावून म्हणाले, "ऐकलं का? वारं फिरलंय. निघायचं का?"

माय चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिने बाहेर वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"न्हाई फिरलं," ती म्हणाली.

आण्णांनी हाताची माती झटकली आणि भाकरीला येऊन बसले.